आधी श्वास, पाणी नंतर

प्रिस्का तुस्कानोला दीपप्रज्वलनाचा भयंकर तिटकारा होता. त्यात धर्माचा काही संबंध नव्हता; दर रविवारी चर्चमध्ये ती स्वतः मेणबत्ती लावायची. पण जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाला श्वास कसा द्यायचा हे शिकवायच्या वर्गात अर्धी सकाळ समई पेटवण्यात जावी, वात विझू नये म्हणून पंखे बंद करावेत आणि घामाघूम झालेल्या नर्सबायांनी पाहुण्यांची वाट बघत बसावं, हे तिच्या डोक्यात जायचं. पाहुणे यायचे तेही सावकाश. मातृत्व हे ईश्वराचं वरदान आहे असं सांगून झालं की त्यांना फोटो हवा असायचा. विरारच्या एका वर्गात तर पाहुण्यांनी टेबलावरची सरावाची रबरी बाहुली एका पायाला धरून उचलली आणि ते कॅमेऱ्याकडे बघून हसले.

"साहेब, बाळ मेलं," प्रिस्का म्हणाली.

सभागृहात हशा पिकला. पाहुणेही हसले. बाई विनोदी आहेत असा त्यांचा समज झाला आणि जाताना त्यांनी तसं माईकवरून सांगितलंही.

प्रिस्का विनोदी अजिबात नव्हती. ती वटारची, सोनचाफ्याच्या वाडीतली. उभी नोकरी तिने मुंबईतल्या एका मोठ्या इस्पितळाच्या प्रसूतिकक्षात काढली. निवृत्त झाल्यावर एका संस्थेने विचारलं, की वसईपासून विरारपर्यंतच्या छोट्या प्रसूतिगृहांतल्या आणि आरोग्य केंद्रांतल्या नर्सना हे काम शिकवाल का. अशा ठिकाणी बालरोगतज्ज्ञ हजर नसतो, मोठी यंत्रं नसतात, असतात त्या या पोरी आणि त्यांचे हात. प्रिस्का हो म्हणाली. समाजसेवा वगैरे शब्द तिने तोंडातून काढले नाहीत. घरी बसलं की शेजारणी गुडघे दाखवायला येतात, एवढंच कारण तिने सांगितलं.

शिकवण्याची तिची रीत म्हणजे अपमान. पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "बाळ बाहेर आलं, रडलं नाही. काय करता?"

उलटं धरून पाठीवर चापट्या मारतो, असं कुणीतरी हमखास सांगायचं. "का? जन्मल्या जन्मल्या त्याने तुमचं काय वाकडं केलं?" तळव्यांना टिचक्या मारतो, दुसरी म्हणायची. कानात फुंकर घालतो, तिसरी. "कानात? फुप्फुसं कानात असतात हे कुठल्या कॉलेजात शिकवलं?" मग प्रिस्का टेबलाशी यायची. पुसा. कोरडं करा. ओला कपडा फेका, सुक्यात गुंडाळा. पाठ चोळा. मान किंचित मागे. तरी श्वास नाही? तोंडानाकावर मास्क घट्ट बसवा आणि बॅग दाबा. छाती वर येते का ते बघा, दुसरं काही बघू नका. आणि हे सगळं पहिल्या मिनिटात, कारण दुसऱ्या मिनिटाला तुमची वाट बघायची सवय नसते.

बॅग म्हणजे हातात मावणारा रबरी फुगा, पुढे छोटा मास्क. तो हातात धरून ती म्हणायची, "हे काही काल निघालेलं नाही. तुमच्या जन्माआधीपासून आहे. तुमच्या आयांच्या जन्माआधीपासून आहे. तुम्हाला आज दिसतंय, कारण तुमच्याकडे ते कपाटात कुलपात असतं."

पण तिचा खरा राग पाण्यावर होता. या पट्ट्यात न रडणाऱ्या बाळावर पाणी पडणारच, हे तिला ठाऊक होतं. काही घरांत ते दचकून रडावं म्हणून तोंडावर गार पाणी मारायचे. आणि तिच्या स्वतःच्या लोकांत, वटार, गास, निर्मळच्या कॅथलिक घरांत, पाणी घालायचे ते बाप्तिस्म्यासाठी. मूल जगत नाहीसं दिसलं तर फादरची वाट न बघता कुणीही त्याच्या कपाळावर पाणी घालून, नाव ठेवून, बाप्तिस्मा द्यावा, हे लहानपणी धर्मवर्गात सगळ्यांनाच शिकवलेलं. जुन्या सुइणींच्या आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या नर्सबायांच्या ते इतकं अंगवळणी पडलं होतं, की बाळ निळं दिसलं रे दिसलं की त्यांचा हात आधी पाण्याच्या तांब्याकडे जायचा. हेतू वेगळा, पण गारठलेलं ओलं बाळ तेच, आणि वाया गेलेलं मिनिटही तेच.

एकदा गासच्या वर्गात एक तरुण फादर पाहुणे म्हणून आले होते. त्यांनी समजुतीने सांगितलं, "प्रिस्काबाई, दोन्ही करता येईल ना."

"हात दोनच असतात फादर. एक मास्कवर, एक बॅगवर. ज्या बाईला तिसरा हात असेल तिने खुशाल पाणी घालावं."

फादर मनापासून हसले. त्यांनी तर पुढच्या रविवारी प्रवचनातही सांगितलं, की आधी श्वास द्या, पाणी नंतर, देव तेवढं थांबतो. तेव्हापासून तिसऱ्या हाताचं वाक्य प्रिस्काने प्रत्येक वर्गात वापरलं. त्याला जोडून ती एक गोष्टही सांगायची. एका गावात एक सुईण होती. बाळ निपचित जन्मलं. बाईने पाणी मागवलं, जपमाळ मागवली, नाव काय ठेवायचं यावर घरच्यांची चर्चा झाली, नाव ठरलं, कपाळावर पाणी पडलं. "नाव छान मिळालं त्याला," प्रिस्का म्हणायची. "श्वास तेवढा राहून गेला. आता करा टिंगल त्या बाईची, करा. आणि मग बघा, तुम्ही तिच्याहून किती शहाण्या आहात."

ते गाव वटार होतं हे ती सांगत नसे. सुईण कातरीनबाय, खोली त्यांच्या घरातली, आणि दाराच्या फटीतून बघणारी पोर म्हणजे प्रिस्का. बाळाचं नाव मार्सेल. ते तिच्या पाठचं. आई, रोझलिन, दर नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी दफनभूमीत त्याच्या छोट्या क्रुसापाशी सोनचाफा आणि मेणबत्ती ठेवायची आणि परतताना म्हणायची, "माझ्या लेकराला नाव हाय. तो बिननावाचा नाय गेला." प्रिस्काला हे ऐकून जीव नकोसा व्हायचा. नर्स झाल्यापासून तर तिला आईचं ते समाधानच सहन होत नसे. पण आईला ती काही बोलली नाही. सगळं बोलणं वर्गातल्या पोरींच्या वाट्याला आलं.

त्या पोरींमध्ये उन्नती होती. विरारची, बाप मंत्रालयात कारकून, आई शिवणकाम करणारी. नालासोपाऱ्यातल्या डॉक्टर चंद्रहास यांच्या प्रसूतिगृहात ती नुकतीच लागली होती. हार्डवेअरच्या दुकानावरच्या मजल्यावर दोन खोल्या आणि बाहेर बाकडी, असं ते प्रसूतिगृह. वर्गात आली तेव्हा उन्नतीची नखं लांब आणि जांभळी होती. प्रिस्काने पिशवीतून नेलकटर काढून तिच्या पुढ्यात टाकलं.

"मॅम, ॲक्चुअली परवा बहिणीचं लग्न आहे..."

"मग लग्नाला जा. बाळाला हात लावू नको."

उन्नतीने सगळ्यांसमोर नखं कापली. मग तिची बाहुलीवरची पाळी आली आणि बाहुलीची छाती काही केल्या हलेना. मास्कच्या कडेने हवा फुसफुसत बाहेर जात होती. प्रिस्का हाताची घडी घालून बघत राहिली. "मेलं," ती शेवटी म्हणाली. "आईला बाहेर जाऊन सांग. कसं सांगतेस ते ऐकायचंय मला."

उन्नतीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती जागची हलली नाही. "मी परत करते," ती म्हणाली. दुपारी बाकीच्या जेवायला गेल्या तेव्हाही ती बाहुलीशी झटत होती. प्रिस्काने ते बघितलं आणि डबा खात खात लांबूनच सांगितलं, की मास्क वरून दाबू नको, खालून जबडा उचलून मास्कला लाव. कौतुकाचा शब्द काढला नाही. आठवड्याने ती पाहणीला डॉक्टर चंद्रहास यांच्याकडे गेली, तर नवीकोरी बॅग काचेच्या कपाटात, प्लास्टिकच्या वेष्टनासकट, धन्वंतरीच्या मूर्तीशेजारी ठेवलेली.

"धूळ बसते हो," डॉक्टर म्हणाले. स्वभावाने बरा माणूस, पण वस्तू वापरली की खराब होते या मताचा.

"आणि किल्ली?"

किल्ली आयाबाईकडे होती आणि आयाबाई सुट्टीवर गावाला. प्रिस्का जिना उतरून खाली हार्डवेअरच्या दुकानात गेली, एक मोठा खिळा आणि हातोडी घेऊन वर आली आणि बाळ ठेवायच्या टेबलाच्या डोक्याशी, डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत, भिंतीत खिळा ठोकला. नव्या रंगाचे पोपडे पडले. "आयाबाई आली की बॅग इथे लटकेल," ती म्हणाली. "नाही लटकली तर पुढच्या वेळी कपाट फोडेन." उन्नती दारात उभी राहून हसू दाबत होती. तिलाही प्रिस्काने सुनावलं, की हसायला काय झालं, कॅलेंडर लावू नका म्हणजे मिळवली.

पावसाळा सरला तशी प्रिस्काची लेक सुझान पहिल्या बाळंतपणासाठी गासहून माहेरी वटारला आली. नाव घातलं होतं वसईतल्या मोठ्या इस्पितळात. तिथे बालरोगतज्ज्ञ चोवीस तास, सगळी यंत्रं जागच्या जागी. प्रिस्काने स्वतः जाऊन तिथला प्रसूतिकक्ष तपासला होता आणि नाक मुरडत का होईना पसंत केला होता. सुझानची पिशवी भरताना आजी रोझलिनने त्यात जत्रेहून आणलेली आशीर्वादाच्या पाण्याची छोटी बाटली सरकवली.

"हे काय, सलाईनमधून लावायचं?" प्रिस्काने विचारलं.

"असू दे गं," म्हातारी म्हणाली. "पानी कधी जड होत नाय."

प्रिस्काने बाटली काढून टेबलावर ठेवली. निघायच्या गडबडीत मात्र तिनेच ती उचलून आपल्या पर्समध्ये टाकली. का टाकली, हे तिला तेव्हा कुणी विचारलं असतं तर तिने त्यालाच वेड्यात काढलं असतं.

कळा दुपारी सुरू झाल्या आणि सुझानच्या कळांना धीर नव्हता. जावई लेस्टर गाडी चालवत होता. वसईचा रस्ता कुणीतरी पाइप टाकायला खणून ठेवला होता आणि खणणारे जेवायला गेले होते. लेस्टरने गाडी नालासोपाऱ्याकडून घातली, तर तिथे टँकर, रिक्षा आणि एक वरात एकमेकांत अडकलेली. नवरदेव घोड्यावर बसून मोबाइल बघत होता. मागच्या सीटवर प्रिस्काने लेकीला तपासलं आणि वसईचं मोठं इस्पितळ, तिथली सगळी यंत्रं, सगळं मनातून पुसून टाकलं. डोकं खाली आलं होतं.

"डावीकडे घे," ती लेस्टरला म्हणाली. "हार्डवेअरच्या दुकानापाशी थांब."

डॉक्टर चंद्रहास जेवणाचा डबा उघडून बसले होते. ते तसेच उठले, हात धुतले आणि कामाला लागले, हे प्रिस्काने पुढे त्यांच्या बाजूने नेहमी सांगितलं. डोकं बाहेर आलं, पण नाळेचा वेढा गळ्याला घट्ट होता आणि खांदे अडकले. डॉक्टरांनी कसब लावून बाळ सोडवलं. मुलगी. बाहेर आली ती लुळी, निळसर, हातपाय सोडलेली. रडणं नाही, हालचाल नाही. त्याच वेळी सुझानला रक्तस्राव सुरू झाला. डॉक्टरांनी नाळ कापून बाळ टेबलाकडे दिलं आणि ते आईकडे वळले. टेबलाशी दोघीच होत्या, उन्नती आणि प्रिस्का.

प्रिस्का खिळ्याच्या अगदी जवळ होती. बॅग त्यावर लटकलेली होती, हात वर केला असता तर लागली असती. एवढी वर्षं एवढ्या पोरींना शिव्या देऊन जे शिकवलं ते करायची वेळ तिच्या स्वतःच्या नातीवर आली होती. तिचा हात पर्समध्ये गेला. बाटली हातात आली, बूच निघालं. तिला त्या क्षणी एकच गोष्ट दिसत होती, दफनभूमीतला तो छोटा क्रूस, आणि हिला नाव नाही, हिला अजून नाव नाही, एवढंच तिच्या डोक्यात चाललं होतं. आई जे दरवर्षी बोलायची ते ती आता स्वतः बोलत होती, ओठांतल्या ओठांत.

उन्नती तोवर बाळाला पुसून सुक्या दुपट्ट्यात घेऊन पाठ चोळत होती. श्वास नव्हता. तिने बाळाची मान किंचित मागे केली, नजर न वळवता बॅगकडे हात लांब केला, तर मध्ये प्रिस्का.

"मॅम, बाजूला व्हा," ती म्हणाली. "तिसरा हात नकोय मला."

प्रिस्का बाजूला झाली. पाणी तिच्या साडीवर सांडलं. उन्नतीने बॅग ओढली, मास्क बसवला आणि दाबली. छाती हलली नाही. उन्नतीने मास्क उचलला, तोंड थोडं उघडलं, जबडा खालून वर घेतला आणि पुन्हा दाबली. या वेळी छाती वर आली. इवलीशी, पण आली. "नाळेला बोट लावा," उन्नती छातीवरची नजर न काढता म्हणाली. "ठोके सांगा मला. जोरात सांगा." आणि प्रिस्का, जिने उभ्या नोकरीत कुठल्या पोरीचा हुकूम ऐकला नव्हता, ती बाटली जमिनीवर ठेवून वाकली आणि कापलेल्या नाळेच्या टोकाला दोन बोटं लावून ठोके मोठ्याने सांगू लागली. आधी ते फार सावकाश होते. मग सावकाश राहिले नाहीत. बाळाच्या ओठांचा रंग पालटला, नाक फुललं, एक हात गोळा झाला आणि मग ती रडली, चिडून रडली, जणू कुणी तिची झोपमोड केली होती. पलीकडे डॉक्टरांनी सुझानचा रक्तस्राव आटोक्यात आणला होता. त्यांनी वळून विचारलं, सगळं ठीक ना. कुणीच उत्तर दिलं नाही, कारण बाळ देत होतं.

प्रिस्का बाकड्यावर जाऊन बसली. तिला स्वतःची विलक्षण चीड आली होती. ज्या कातरीनबायची तिने गावोगावी टिंगल केली ती बिचारी अडाणी होती, तिला कुणी शिकवलंच नव्हतं. प्रिस्काला सगळं येत होतं. बॅग तिने ठोकलेल्या खिळ्यावर होती, आणि तिने बाटली उघडली. उन्नती हात पुसत बाहेर आली आणि शेजारी बसली.

"सॉरी मॅम. मी तुम्हाला असं बोलायला नको होतं."

"नखं बघू," प्रिस्का म्हणाली. उन्नतीने हात पुढे केले. नखं बारीक कापलेली होती. प्रिस्काने ते हात बराच वेळ सोडले नाहीत.

बाप्तिस्मा वटारच्या चर्चमध्ये रविवारी झाला. प्रिस्काने उन्नतीला अगदी पुढच्या बाकावर बसवलं आणि मोबाइल काढलास तर उठवून मागे बसवेन असंही सांगून ठेवलं. उन्नतीच्या एका बाजूला प्रिस्का, पलीकडे पांढरी ओढणी घेतलेली म्हातारी रोझलिन. गासच्या वर्गाला आलेल्या त्याच तरुण फादरांनी बाळाच्या डोक्यावर पाणी घालून ॲनिशा हे नाव उच्चारलं, तसा ॲनिशाने असा टाहो फोडला की पुढची प्रार्थना कुणालाच ऐकू आली नाही. फादर प्रिस्काकडे बघून हसले. प्रिस्काने नाक उडवलं, पण तिचे डोळे वाहत होते आणि ते तिने पुसलेही नाहीत.

गोंगाटात रोझलिन लेकीकडे वाकली. सुझानने तिला सगळं सांगितलं होतं, बॅगचं, खिळ्याचं.

"ती रबराची पिशवी," म्हातारीने विचारलं. "माझ्या मार्सेलच्या वेळी व्हती का गं ती?"

मध्ये बसलेल्या उन्नतीने दचकून प्रिस्काकडे बघितलं. त्या गोष्टीतलं बाळ कोण, हे तिला आत्ता कळलं होतं. आणि पिशवीचं उत्तर, तुमच्या आयांच्या जन्माआधीपासून आहे, हे तर वर्गातल्या प्रत्येकीलाच पाठ होतं. सांगायला तिचं तोंड उघडलंही होतं. प्रिस्काने तिच्या गुडघ्यावर हात ठेवून घट्ट दाबला.

"नव्हती, आई," ती म्हणाली. "तेव्हा कुठेच नव्हती."

म्हातारीने मान हलवली आणि ती समोर बघू लागली. उन्नतीने तोंड मिटलं.